पाच हजारांच्या आतली चोरी आणि तुझे अठराशे रुपये

वकीलकाकू, नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांची आहे. नाशिकमध्ये एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये फ्लोअर सुपरवायझर आहे, आधी बिलिंगला होते. हाताखाली सहा मुलंमुली. आमच्याकडे रोज चोरी होते. रोज म्हणजे रोज. रॅकच्या मागे फेस क्रीमची रिकामी खोकी सापडतात, आतली ट्यूब गायब. काजूच्या पिशवीवर शेंगदाण्याचं स्टिकर असतं. झाकणाची बादली बिलिंगला येते आणि आत तुपाचे दोन पाउच निघतात. विचारलं की, "अगं बाई, लक्षातच नाही आलं!"

मागच्या महिन्यात दोन मुलांना डिओ आणि ब्लेडची पाकिटं खिशात घालताना मी स्वतः पाहिलं. माल बावीसशेचा. ११२ ला फोन केला. बीट मार्शल आले, मुलांचं नाव-गाव लिहून घेतलं आणि मला म्हणाले, "मॅडम, पाच हजारांच्या आतलं आहे. फार तर एनसी होईल, अदखलपात्र म्हणून नोंद. माल मिळाला ना? मग द्या सोडून." मुलं माझ्याकडे बघून हसत गेली. पुढच्या आठवड्यात त्यातला एक टोपी घालून परत आला.

त्याच महिन्यात स्टॉक टेकिंगला शॉर्टेज निघालं. ते आम्हा सात जणांत सारखं वाटून पगारातून कापलं. माझे अठराशे गेले. पगार एकोणीस हजार.

आता आमच्यातल्या एकानं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला चॉकलेट उचलताना पकडलं. स्टोअररूममध्ये नेऊन दोन थोबाडीत दिल्या, कान धरून उभं केलं आणि व्हिडिओ काढला. मॅनेजर म्हणतात, चोरांचे फोटो एंट्रीला लावू, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू, आणि पकडलेल्याकडून दसपट पैसे घेऊ. मला ते पटतंय आणि भीतीही वाटतेय. पोलीस काही करणार नसतील तर आम्ही काय करायचं? डोळे मिटून घ्यायचे का? मीच मूर्ख आहे का?

– वैतागलेली सुपरवायझर

*

पोरी,

त्या बीट मार्शलपासून सुरुवात करते, कारण तुझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर दिसतोय. तो कामचुकार असेलही, मी त्याला ओळखत नाही. पण तो जे बोलला ते कायद्याला धरून होतं. ते तुला भर दुकानात, ती मुलं समोर हसत असताना कळावं, हा दोष तुझ्या कंपनीचा. एवढं मोठं दुकान चालवणाऱ्यांनी आपल्या सुपरवायझरला एवढी माहिती तरी द्यायला हवी होती.

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम ३७९ मध्ये चोरी ती चोरी होती. दहा रुपयांची असो की दहा लाखांची, दखलपात्र आणि अजामीनपात्र. नव्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांची रेघ मारली आहे. माल त्याहून कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याचे पैसे परत केले असतील, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. आणि पाच हजारांच्या आतली ही चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. मार्शलनं नाव-गाव लिहून घेतलं आणि तो तिथेच थांबला, त्याचं कारण हे. मुलांनी नाव-पत्ता सांगायला नकार दिला असता, किंवा तो खोटा आहे असं त्याला वाटलं असतं, तर मात्र त्याला त्यांना धरून नेता आलं असतं.

या बदलामागचा हेतू मला चुकीचा वाटत नाही. तुपाच्या पाउचसाठी कुणी महिनोन्‌महिने कच्चा कैदी म्हणून सडावं, असं तुलाही वाटणार नाही. पण कागदावरची ही साखळी बघ. सामुदायिक सेवा ही शिक्षा आहे, ती दोषी ठरल्यावर मिळते. दोषी ठरवायला खटला हवा. खटल्यासाठी कुणीतरी मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. बावीसशेच्या मालासाठी कोणता मॅनेजर वकील देऊन कोर्टात तारखा घेत बसणार आहे? तेव्हा झाडू मारायची शिक्षाही कुणाच्या वाट्याला येत नाही, आणि टोपीवाला पुढच्या आठवड्यात परत येतो. तुझी चीड खरी आहे आणि ती कायद्यातल्या एका खऱ्या भोकावर बोट ठेवते.

(हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं २०० पौंडांच्या आतल्या दुकानचोरीला किरकोळ गुन्ह्यात टाकलं, कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी ९५० डॉलरची रेघ मारली. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला पाच लाखांहून जास्त दुकानचोऱ्या पोलिसांत नोंदल्या जायला लागल्या, आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२४ मध्ये वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी कायदा पुन्हा कडक केला. लंडनच्या दुकानात पार्टटाइम उभी राहणारी आपली मुलं तुझ्यासारखंच पत्र लिहितील.)

आता मार्शलनं जे सांगितलं नाही ते ऐक. "फार तर एनसी होईल" हे तो असं म्हणाला, जणू एनसी म्हणजे काहीच नाही. एनसी नोंदवून घेणं ठाण्याला बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे ठाणे अंमलदारानं तुझ्या तक्रारीचा सारांश नोंदवहीत लिहायचा, तुला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं, आणि अशा सगळ्या प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा. म्हणजे "माल मिळाला ना, द्या सोडून" हा सल्ला झाला, कायदा नव्हे. पुढच्या वेळी शांतपणे म्हणायचं, "साहेब, सोडा हवं तर, पण एनसी नोंदवून मला नंबर द्या." एका एनसीनं काही होत नाही, हे मी मान्य करते. पण त्याच टोपीवाल्यावर चार-पाच नंबर जमले, प्रत्येकासोबत तारीख, वेळ, माल आणि फूटेज असलं, की कंपनीच्या वकिलाला मॅजिस्ट्रेटपुढे तपासाचा हुकूम मागायला काहीतरी हातात येतं. शिवाय एकदा तो दोषी ठरला की दुसऱ्या वेळेची शिक्षा किमान एक वर्ष सक्तमजुरीची आहे. ते पहिलं "एकदा" घडायला मात्र कागद लागतो.

कागद कसा करायचा, तर असा. पकडलेला माल तिथल्या तिथे स्कॅनरखाली घालून त्याचं बिल काढ आणि होल्डवर ठेव. किंमत अंदाजे सांगायची नाही, बिलावरची सांगायची. बावीसशे होते की एकावन्नशे, यावर सगळं गाडं अडलेलं आहे. फूटेज त्याच दिवशी कॉपी करून घे, कारण डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, जुनं पुसून नवं लिहीत जातो आणि तुमच्याकडे ते किती दिवस टिकतं हे बहुधा तुमच्या आयटीवाल्यालाही विचारावं लागेल. कोर्टात ते फूटेज चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते काम तुझं नाही, पण मॅनेजरला आठवण करून देणं तुझ्या हातात आहे. रिकामी खोकी फेकू नकोस. तारीख आणि रॅक नंबर लिहून एका क्रेटमध्ये ठेव. कोणत्या रॅकला, कोणत्या वेळी, काय जातं, हे महिनाभरात तुझं तुलाच दिसेल.

पाच हजारांची ही रेघ सगळीकडे लागू होत नाही, हेही मार्शलला कुणी विचारलं नसेल. माल घेऊन जाताना चोरानं धक्काबुक्की केली, इजा केली, चाकू दाखवला किंवा तिथल्या तिथे मारण्याची भीती घातली, तर ती चोरी उरत नाही. ती न्याय संहितेच्या कलम ३०९ ची जबरी चोरी होते, किंमत शंभर रुपये असली तरी. अशा वेळी माल जाऊ द्यायचा, मुलींना मागे घ्यायचं आणि ११२ ला सांगताना "चोरी झाली" न म्हणता जे घडलं ते सांगायचं: "चाकू दाखवून माल नेला." आणखी एक आहे. मालमत्तेच्या ताब्यासाठी, जपणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी कलम ३०५ खाली येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, आणि तिथे पाच हजारांची अट नाही. ग्राहकांसाठी उघडं असलेलं दुकान यात बसतं की फक्त गोडाऊन, यावर वकील वाद घालतील, घालू देत. तुमच्या कंपनीच्या वकिलानं तक्रार लिहिताना हे कलम मांडायला काय हरकत आहे? मी असते तर मांडलं असतं.

आता मॅनेजरच्या योजनांकडे येते. इथे माझा सूर जरा कडक लागेल.

दुकानात कुणी चोरताना दिसलं तर त्याला अडवून माल परत मागायचा तुम्हाला अधिकार आहे. आपल्या मालाचं चोरीपासून रक्षण करण्यापुरता जेमतेम लागेल तेवढा जोर कायदा चालवून घेतो. पण माल परत हातात आला की तो अधिकार संपला. "आम्ही नागरिक म्हणून अटक केली" असं कुणी म्हणू नये. सामान्य माणसाला अटक करता येते ती आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पाच हजारांच्या आतल्या चोरीत दोन्ही अटी गळून पडतात. मग स्टोअररूमचं दार लावून कुणाला बसवून ठेवलं, तर बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल कलम १२७ तुमच्यावर लागतं, एक वर्षापर्यंत कैद. अंगझडती तर कुणाचीच घ्यायची नाही. पर्समध्ये तूप दिसतंय म्हणून एखाद्या बाईच्या अंगाला सिक्युरिटीच्या मुलानं हात लावला, तर त्या क्षणी तूप बाजूला पडेल आणि विनयभंगाची तक्रार उभी राहील. "ताई, पर्स एकदा दाखवता का?" एवढंच विचारायचं. नाही म्हणाल्या तर कॅमेऱ्याकडे बघायचं आणि फोन उचलायचा.

दसपट पैसे? "देतोस की पोलिसांना बोलावू, फोटो टाकू?" असं म्हणून घेतलेले पैसे म्हणजे खंडणी. कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. चॉकलेट उचलणाऱ्यापेक्षा त्याच्याकडून पैसे उकळणाऱ्याला कायदा जास्त वाईट समजतो, आणि मला यात कायद्याचं चुकलंय असं वाटत नाही. तुझ्या मॅनेजरनं ही रक्कम कोणत्या पावतीवर, कोणत्या खात्यात जमा करायचं ठरवलंय, हे एकदा विचारून बघ.

फोटोंचं तर नावच काढू नका. तुम्हाला चोर वाटणारा माणूस कोर्टानं चोर ठरवलेला नसतो. त्याचा फोटो "चोर" म्हणून एंट्रीला लावला की बदनामीचा खटला ओढवून घेतलात. व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो तर परत बोलावता येत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला जमावानं पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जिवे मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी आधीच डोकी फिरलेली होती. तुमच्या व्यापारी ग्रुपवरचा फोटो कुठल्या वस्तीत, कुठल्या मजकुरासकट पोचेल, हे तुमच्या हातात राहणार नाही.

त्या पोराचा व्हिडिओ. हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते. तो व्हिडिओ पुढे कुणाला गेलाय का ते त्या सहकाऱ्याला विचार आणि पुढे जाऊ देऊ नकोस. गुन्ह्यात अडकलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख जाहीर करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थोबाडीत मारण्याचं वेगळं. त्या पोराच्या आईबापांनी ठाण्यात जायचं ठरवलं, तर चॉकलेट किती रुपयांचं होतं हे कुणी विचारणार नाही. तुझ्या सहकाऱ्याला सरळ हेच सांग. तो मनानं वाईट मुलगा असेल असं मला वाटत नाही. त्याच्याही पगारातून अठराशे गेलेत आणि हाताला लागला तो सगळ्यात दुबळा होता. तूप पर्समध्ये घालणाऱ्या बाईला त्यानं थोबाडीत मारली नसती, हे त्यालाही ठाऊक आहे. मुलगा असेल तेव्हा माल काढून घ्यायचा, मोठं माणूस सोबत असेल तर त्याच्याशी बोलायचं, नसेल तर घरी फोन लावायचा. तोच मुलगा वारंवार येत असेल, अंगावर कपडे धड नसतील, कुणी मोठा बाहेर थांबून त्याला आत पाठवत असेल, तर १०९८ ला फोन कर. ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि तिथे फोन करणं म्हणजे पोराला पोलिसात देणं नव्हे.

आता तुझ्या पत्रातली जी ओळ तू दोन वाक्यांत उरकलीस, तिच्यावर मी थांबणार आहे. अठराशे रुपये.

पोरी, टोपीवाल्यानं जे नेलं ते दुकानाचं नेलं. तुझ्या पगारातून जे गेलं ते टोपीवाल्यानं नेलेलं नाही. ते तुझ्या मालकानं नेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर संन्याशालाच चोरांवर दात-ओठ खायला लावायचे!

दुकानाची ही उघडी मांडणी कुणी ठरवली? वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभं राहायचं, तो मागून डबा काढायचा, पुडी बांधायचा. तिथे उचलायला काही हाताशीच नसायचं. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला पहिलं असं दुकान निघालं, जिथे गिऱ्हाईक स्वतः टोपली घेऊन फिरतं आणि हवं ते उचलतं. ते चाललं, कारण माल हाताला लागला की माणूस यादीत नसलेलंही घेतो, आणि पुड्या बांधणारे नोकर कमी लागतात. तुमच्या दुकानाचा सगळा नफा याच तत्त्वावर उभा आहे. माल उघडा ठेवला की काही टक्का उचलला जाणार, हे दुकान काढणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. भाव ठरवताना, हिशेब मांडताना ते धरलेलं असतं. उघड्या मांडणीचा फायदा मालकाचा आणि तोटा तुम्हा सात जणांचा, हा कुठला न्याय?

शिवाय शॉर्टेज म्हणजे नुसती चोरी नव्हे, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, खोक्यावर २४ लिहिलंय म्हणून चोवीस धरून सही होते, खोकं फोडून मोजतं कोण? फुटलेली बाटली, एक्स्पायरी झालेलं दही रजिस्टरला चढत नाही. बिलिंगला गर्दीत दोन वेगवेगळ्या फ्लेवरचे पॅक एकाच बारकोडवर मारले जातात, मग एक कमी दिसतो, एक जास्त. सप्लायर कमी देतो. आणि हो, आपल्यातलंही कुणीतरी नेतं. या सगळ्याची बेरीज करून ती ग्राहकांच्या चोरीच्या नावावर आणि तुमच्या माथी मारली गेली आहे.

कायदा इथे तुझ्या बाजूनं बराच स्पष्ट आहे. पगारातून नुकसानभरपाई कापायला मालकाला वाटेल तशी मोकळीक नाही. १९३६ च्या वेतन कायद्यातही नव्हती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही नाही. तो माल तुझ्याकडे खास सांभाळायला सोपवलेला असला पाहिजे. तो तुझ्याच निष्काळजीपणामुळे गेला हे दिसलं पाहिजे. कपात नुकसानापेक्षा जास्त नको. आणि कापण्याआधी तुला तुझं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. ज्या रॅकवरून दिवसभर शेकडो हात माल उचलतात तो तुझ्याकडे "सोपवलेला" कसा? आणि सात जणांत सारखा हिस्सा वाटला, याचाच अर्थ कुणाची चूक किती हे कुणी पाहिलंच नाही. ती कपात स्वतःच सांगते की ती बेकायदा आहे. "जॉइन होताना सही केली होतीस" असं ते म्हणतील. केली असशील. कायद्यानं दिलेलं संरक्षण अशा सहीनं जात नाही.

कापलेल्या रकमेची नोंद पगारपत्रकात कशी केली आहे ते बघ. "शॉर्टेज" लिहिलंय, "इतर कपात" लिहिलंय, की नुसताच आकडा कमी आलाय? पगार कंपनी देते की मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी, तेही त्यावरच्या नावावरून पक्कं कर. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून अर्ज दोघांनाही जाऊ दे.

डोळे मिटून घ्यायचे का, असं विचारतेस. अर्धे मीट. चोरामागे पार्किंगपर्यंत धावू नकोस, त्याच्या हातातली पिशवी खेचू नकोस. तुला पकडायचा पगार मिळत नाही, आणि त्या बावीसशेपेक्षा तुझे दात महाग आहेत. दिसलं की जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात, "काय शोधताय? काढून देऊ का?" एवढं विचारायचं. चोराला पाहिलं जाणं नको असतं. बरेच जण वस्तू दुसऱ्याच रॅकला टाकून निघून जातात. ब्लेड, तूप, क्रीम बिलिंगजवळच्या कपाटात हलवायला सांग, काजूचं वजन झाल्यावर पिशवी तिथेच सील करायला सांग, बादलीचं झाकण बिलिंगला उघडायची सवय सगळ्यांनाच लाव, म्हणजे कुणा एकीवर संशय घेतल्यासारखं होत नाही. हे सगळं मॅनेजरला ईमेलनं कळव. उद्या पुन्हा तुझ्या निष्काळजीपणाचा विषय निघाला तर ती ईमेल तुझी साक्षीदार.

पण पूर्ण डोळे मिटू नकोस, आणि "सगळेच नेतात तर एक डिओ मीही नेते" हा विचार हाताखालच्या कुणाच्या मनात येऊ देऊ नकोस. नोकरानं मालकाच्या मालाची केलेली चोरी वेगळ्या कलमात येते, ३०६. सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, आणि तिथे पाच हजारांची सवलत नाही. गिऱ्हाइकानं तूप नेलं तर एनसी, तुमच्यातल्या कुणी नेलं तर एफआयआर. हे मला पटतं असं नाही, पण आहे ते असं आहे, आणि त्या सहा पोरांना ते तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

मूर्ख आहेस का, याचं उत्तर मी देत नाही. ज्या बाईनं शॉर्टेजच्या महिन्यातही त्या पोराच्या थोबाडीत बसलेल्या चपराकीबद्दल पत्रात लिहिलं, तिला ते विचारायची गरज नाही.

अर्ज असा लिही. साधा, एका पानात मावेल इतकाच:

"माझ्या अमुक महिन्याच्या वेतनातून शॉर्टेजपोटी रु. १,८००/- कपात करण्यात आली आहे. सदर माल माझ्या वैयक्तिक ताब्यात सोपवलेला नव्हता. कपातीपूर्वी मला कारणे दाखवण्याची संधी देण्यात आली नाही. शॉर्टेजचा वस्तुवार तपशील, इनवर्ड व डॅमेज रजिस्टरची नोंद आणि माझा निष्काळजीपणा कशावरून ठरवला त्याची प्रत मिळावी. अन्यथा सदर रक्कम पुढील वेतनासोबत परत करावी."

सातही जणांनी आपापल्या नावानं वेगळा द्या, एकत्र सह्यांचा नको. एकत्र अर्जात पहिली सही कुणाची हे शोधून तिलाच बाजूला काढलं जातं. पोचेचा शिक्का घ्या. घेत नसतील तर ईमेल, आणि जोडीला पोचपावतीसह स्पीड पोस्ट. रजिस्टर पोस्ट मागू नका, सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. पुढच्या पगारात पैसे आले नाहीत तर त्याच अर्जाची प्रत, तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जायचं. सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस, त्यांनाही सुट्टी असते. तुझी वीकली ऑफ मधल्या वारी येत असेल तर तो दिवस धर, आणि सातांतल्या निदान तिघांना सोबत ने.

– तुझी वकीलकाकू